वर्गात इंग्रजी बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप

पहिली घटक चाचणी झाली की आठवी-नववीतल्या मुलांचे पालक दर वर्षी एक प्रश्न घेऊन येतात. पेपरात बरे मार्क पडतात, पण वर्गात इंग्रजी बोलायची वेळ आली की पोरगं मान खाली घालून बसतं. मग स्पोकन इंग्लिशचा क्लास लावायचा का?

सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी समुपदेशक म्हणून जाते. तिथल्या नववीतल्या एका मुलाच्या आईने मला हेच विचारलं. त्याला इथे ओंकार म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. "मॅडम, गेम खेळताना हेडफोन लावून इंग्रजीत नुसता ओरडत असतोय हा. आणि सरांनी उभं केलं की घाम फुटतो याला. इंग्रजीचा तास असला की सकाळी पोटात दुखतंय म्हणतो."

पोटदुखीचं ऐकल्यावर मी आधी बाकीच्या शक्यता तपासल्या. मराठी वर्तमानपत्रातला उतारा त्याने न अडखळता वाचला, म्हणजे मुळात वाचनाचीच अडचण नव्हती. तोतरेपणा नाही. गणिताच्या तासाला तो फळ्यापाशी जाऊन उदाहरण सोडवतो, मित्रांत गप्पा मारतो, कबड्डी खेळतो. मूल मराठीतही गप्प होत असेल, शाळाच टाळत असेल किंवा मराठी वाचतानाही अक्षरं उलटसुलट होत असतील, तर प्रकरण वेगळं असतं. मग बालमानसतज्ज्ञ किंवा वाचातज्ज्ञांकडे जावं लागतं. ओंकारची भीती मात्र एका विषयाच्या एका तासापुरती होती.

तो तास कसा चालतो ते त्यानेच सांगितलं. सर धड्याचं वाचन रोल नंबरने घेतात, एकेकाला एक परिच्छेद. पहिला मुलगा उभा राहिला की ओंकार पुढचे नंबर मोजून आपल्या वाट्याचा परिच्छेद शोधतो आणि मनातल्या मनात तोच घोकत बसतो. बाकीचा धडा त्याच्या कानावरही पडत नाही. कुणी गैरहजर निघालं की हिशोब चुकतो आणि छातीत धडधडायला लागतं. आठवीत त्याने 'आयलंड'चा उच्चार 'इस्लंड' असा केला होता. वर्ग हसला, आणि वर्षभर त्याचं नाव 'इस्लंड' पडलं. सरांना यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण हे नाव मधल्या सुट्टीत मैदानावर चालायचं.

या वयाबद्दल डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1967 साली एक कल्पना मांडली. किशोरवयात मुलाला वाटतं की सगळे आपल्याकडेच बघताहेत. डोक्यात कायम एक काल्पनिक प्रेक्षकवर्ग बसलेला असतो. ओंकारच्या बाबतीत तर तो काल्पनिकही नव्हता, अठ्ठावन्न जण खरोखर बाकांवर बसलेले होते. परक्या भाषेच्या वर्गातली भीती ही सर्वसाधारण भित्रेपणाहून वेगळी गोष्ट आहे, असं 1986 मध्ये हॉरविट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवून ती मोजायला 33 विधानांची एक प्रश्नावली तयार केली. म्हणूनच गणितात बिनधास्त असलेलं पोर इंग्रजीत गोठतं, यात ढोंग नसतं. गेममध्ये तो बोलतो, कारण तिथे त्याचा चेहरा कुणाला दिसत नाही आणि पलीकडच्याला त्याचं वाक्य खरोखर हवं असतं. व्याकरण तपासायला तिथे कुणी बसलेलं नसतं.

म्हणून मी आईला म्हटलं, "ताई, क्लासचे पैसे सध्या राहू द्या. मी सरांशी बोलते." ओंकारला विचारून, त्याला चालेल तेवढंच सांगायचं ठरवून मी सरांना भेटले.

सर चांगले आहेत, हे मुद्दाम लिहिते, कारण अशा गोष्टींत शिक्षकाला खलनायक करणं फार सोपं असतं. अठ्ठावन्न मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, त्यात हजेरी आणि वह्या. "पोर्शन कोण संपवणार? आम्हीही असंच शिकलो," असं ते म्हणाले, आणि त्यांचं चूक नव्हतं. पण दहावीच्या इंग्रजीत 80 गुणांच्या लेखी पेपरासोबत 20 गुण तोंडी आणि श्रवणाचे असतात. त्या वीसची तयारी वर्गात एरवी कुठे होते, या प्रश्नावर ते थांबले.

सुरुवात आम्ही एसटी स्टँडपासून केली. सरांनी बसच्या वेळापत्रकाच्या दोन प्रती काढल्या. एकीत कोल्हापूर आणि सांगलीच्या गाड्यांच्या वेळा, पुणे आणि मुंबईचे रकाने कोरे; दुसरीत बरोबर उलट. बाकावरच्या दोघांना एकेक प्रत द्यायची आणि एकमेकांचा कागद न बघता इंग्रजीत विचारून रकाने भरायचे. 'व्हॉट टाइम' येवढं आलं तरी काम भागतं. या पद्धतीत विचारण्याला कारण असतं. "व्हॉट इज युवर नेम?" असं शेजारच्याला विचारायला लावणं नववीतल्या मुलांना बावळटपणाच वाटतो, कारण पहिलीपासून ती एकमेकांना ओळखतात. कोल्हापूरची गाडी किती वाजता आहे हे मात्र शेजाऱ्याच्याच कागदावर असतं.

मुलं मराठीत बोलतील, ही सरांची पहिली शंका. बोललीच. "ए, सांग ना लवकर," सगळीकडे तेच. मी म्हटलं, बोलू द्या, फक्त वेळ विचारायचं आणि सांगायचं वाक्य इंग्रजीत हवं. मराठी शब्द निघाला की दंड आकारणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. तिथली मुलं मराठीतही बोलत नाहीत आणि इंग्रजीतही नाही.

दुसरा बदल चुकांचा. जोड्या बोलत असताना सर वर्गात फिरायचे, ऐकलेल्या चुका वहीत टिपायचे, पण कुणाला मध्येच थांबवायचे नाहीत. शेवटच्या पाच मिनिटांत त्यातली तीन-चार वाक्यं फळ्यावर, नाव न घेता. दुरुस्त सगळ्यांनी मिळून करायची. आपलं वाक्य फळ्यावर आहे हे ज्याचं त्याला कळतं, इतरांना कळत नाही.

तिसरी गोष्ट अगदी फुकटची: प्रश्न विचारल्यावर थांबणं. मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात अमेरिकेतल्या वर्गांत मोजून पाहिलं, तर शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबत होते. ते तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी मागे राहणारी मुलंही बोलू लागली. सरांना तीन सेकंद फार जड गेले, शांतता सहन होईना. मग त्यांनी ती वेळ शेजाऱ्याला उत्तर सांगण्यासाठी दिली आणि त्यानंतरच हात वर करायला सांगितलं. शेजाऱ्याने मान डोलावलेलं वाक्य मोठ्याने बोलायला कमी धीर लागतो.

वर्गाला सगळ्यात जास्त आवडलं ते पळत जाऊन करायचं श्रुतलेखन. व्हरांड्यातल्या भिंतीवर इंग्रजी उतारा चिकटवायचा. जोडीतल्या एकाने पळत जाऊन एक वाक्य डोक्यात साठवायचं, परत येऊन सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं. शेजारच्या वर्गातून तक्रार आली, मुख्याध्यापक बघायला आले. मुलं इंग्रजी वाक्य विसरू नये म्हणून ते पुटपुटत धावताहेत हे पाहून ते परत गेले, पण 'आवाज कमी' एवढं बजावूनच. ओंकार यात चमकला. पाय वेगवान, आणि धापा टाकत बोलताना उच्चारांचा विचार करायला सवड कुणाला असते!

सगळंच जमलं असं नाही. 'स्वतःबद्दल दोन खऱ्या गोष्टी आणि एक खोटी सांगा' हा खेळ इंग्रजीच्या पुस्तकांत फार लोकप्रिय आहे. इथे तो पहिल्याच दिवशी कोण कुणाला आवडतं यावर घसरला, आणि एक मुलगी रडत बाहेर गेली. सरांनी तो बंद केला, बरंच केलं. मुलगा-मुलगी जोड्या लावायचा आग्रहही या वयात नको. चिडवाचिडवीत भाषा बाजूला राहते. 'माझं घर', 'माझ्या वडिलांचा व्यवसाय', 'उन्हाळ्याची सुट्टी' हे विषयही मी टाळायला सांगते. सुट्टीत कुणी मामाकडे मुंबईला जातं, तर कुणी रोजगाराला, आणि हा फरक वर्गासमोर इंग्रजीत सांगायची सक्ती मुलाने का सोसावी? एसटीचं वेळापत्रक, क्रिकेटचा धावफलक, हरवलेल्या दप्तराचं वर्णन, अशा विषयांत कुणाचं घर उघडं पडत नाही.

वाचन रोल नंबरनेच राहिलं, कारण सरांना दुसरं जमेना. पण आता आदल्या दिवशी परिच्छेद ठरतो आणि दोघं मिळून वाचतात.

दिवाळीनंतर आई भेटल्या तेव्हा पोटदुखी थांबली होती. तोंडी परीक्षेत ओंकार बोलला, चुकत बोलला, मार्क मध्यम मिळाले. 26 जानेवारीच्या इंग्रजी भाषणाला त्याने नाव दिलं नाही, आणि ते द्यावं म्हणून मीही मागे लागले नाही. वडिलांचा क्लासचा आग्रह अजून सुटलेला नाही. त्यांना म्हटलं, आधी क्लासमध्ये जाऊन एक तास मागे बसून बघा. मुलं जोडीत बोलत असतील तर लावा; एकच सर बोलत असतील आणि चाळीस मुलं उतरवून घेत असतील, तर ते त्याला शाळेत मिळतंच आहे.

आता दहावी म्हटल्यावर सर पुन्हा पोर्शनच्या धास्तीत आहेत. जोड्यांचं काम बंद करू का, असं त्यांनी जूनमध्ये विचारलं. आम्ही शुक्रवारच्या तासाची शेवटची पंधरा मिनिटं ठेवायचं ठरवलंय, पळापळ वगळून, कारण यंदा दहावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे.