चाळिशीनंतर मानसशास्त्रात पीएच.डी.: आडवं काय येतं?

चाळिशी ओलांडलेली माणसं माझ्याकडे करिअर समुपदेशनासाठी येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेकदा वयाचाच असतो. "मानसशास्त्रात डॉक्टरेट करायची आहे, पण आता फार उशीर झाला का?" यावर एक तयार उत्तर आहे: पन्नाशी तशीही येणारच आहे, मग पदवी घेऊन का येऊ नये? ऐकायला बरं वाटतं. मी ते देत नाही. त्यात पैशाचा हिशेब नसतो, घरच्यांचा विचार नसतो आणि निवड समिती नेमकं काय बघते हेही नसतं.

एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बाई 43 वर्षांच्या, अमेरिकेत स्थायिक, आयुर्विमा कंपनीत मृत्यूदाव्यांच्या विभागात वरिष्ठ पदावर. पदवी मानसशास्त्राचीच, पण वीसेक वर्षांपूर्वीची. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या, म्हणजे मानसिक आजारांचं निदान आणि उपचार शिकवणाऱ्या शाखेतल्या, पीएच.डी.साठी एकदा अर्ज करून झाले होते आणि सगळीकडून नकार आला होता. "वयामुळेच," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "आधी अर्ज तर दाखवा."

अर्जासोबतच्या निवेदनाचं पहिलंच वाक्य होतं, 'मला लहानपणापासून माणसांना मदत करायला आवडतं.' पुढे दीड पान आईच्या नैराश्याबद्दल आणि मग स्वतःच्या घटस्फोटानंतर घेतलेल्या थेरपीबद्दल. लिहिलं चांगलं होतं, वाचताना मलाही गलबलून आलं. पण संशोधनाचा विषय शेवटच्या परिच्छेदात, तोही दोन ओळींत उरकलेला. ड्रू ॲपलबी आणि कॅरन ॲपलबी यांनी 2006 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अर्जदाराची संधी कशाने बुडते, हे त्यांनी मानसशास्त्र विभागांच्या प्रवेश समित्यांच्या प्रमुखांनाच विचारलं होतं. स्वतःच्या मानसिक त्रासाची सविस्तर हकिकत आणि 'मदत करण्याची' अति ओढ, या दोन्ही गोष्टी त्या यादीत आहेत. कार्यक्रमाची माहिती न काढता केलेला अर्ज आणि कामाची नसलेली शिफारसपत्रं, हेही आहेच. अर्जात एवढा गोंधळ असेल, तर वय समितीच्या विचारात यायच्या आधीच फाईल बाजूला पडते.

वयाचा प्रश्न अगदीच नसतो असं नाही. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांना वयावरून भेदभाव करायला अमेरिकेत 1975 च्या कायद्याने बंदी आहे, पण प्राध्यापकाच्या मनातल्या शंका कायद्याने जात नाहीत. आपल्या हाताखाली चाळीस माणसं असलेली व्यक्ती पंचविशीतल्या सहाध्यायांबरोबर माहिती भरत बसेल का? संख्याशास्त्र झेपेल का? मध्येच सोडून पुन्हा नोकरीला तर जाणार नाही ना? या शंका रास्त आहेत. 'मी खूप मेहनती आहे' असं लिहून त्या फिटत नाहीत, कृतीने फिटतात.

म्हणून त्या वर्षी अर्ज करायचेच नाहीत असं ठरलं. बाईंना हे पटायला वेळ लागला. एक वर्ष 'वाया' जाणार होतं. मी विचारलं, "शिफारसपत्रं कोणाची जोडली होती?" दोन वरिष्ठांची आणि एक कुटुंबाच्या स्नेह्यांचं, जे स्वतः डॉक्टर होते. कॉलेजातले प्राध्यापक निवृत्त झालेले, संपर्क तुटलेला. मध्यंतरी नोकरी केलेल्या जवळपास प्रत्येकाची अडचण इथेच असते. तीन पत्रं लागतात आणि त्यांतलं निदान एक, शक्यतो दोन, तुमचं संशोधन जवळून पाहिलेल्या माणसाची हवीत. त्यासाठी बाईंनी संध्याकाळच्या वर्गात संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती हे दोन विषय पुन्हा घेतले आणि शोकावर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत आठवड्याला काही तास बिनपगारी मदतनीस म्हणून जायला लागल्या. मुलाखती ऐकून शब्दशः लिहून काढायच्या, त्यांतल्या उत्तरांना कोड लावायचे, म्हणजे त्यांचं वर्गीकरण करायचं. काम कंटाळवाणं. पण वर्षअखेरीला तिथल्या प्राध्यापकांकडे पत्रात लिहायला काहीतरी ठोस होतं. ऑफिसातल्या एका साहेबांचं पत्र ठेवलं, फक्त बाईंनी त्यांना आधी सांगितलं, "'प्रामाणिक, वक्तशीर' नको. आकडेवारीतून दाव्यांची प्रक्रिया मी कशी बदलली, ते लिहा."

याच गप्पांत संशोधनाचा खरा विषय हाती लागला. त्या सहज म्हणाल्या, "अहो, नवरा गेल्यावर बायका सगळे कागद पाठवतात, एक सही मात्र राहते. फोन केला की म्हणतात, केली होती ना! आणि हे दर आठवड्याला घडतं." मी त्यांना तिथेच थांबवलं. शोकात असताना लक्ष, स्मरण आणि निर्णयक्षमता यांचं काय होतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत माणसाला सर्वांत किचकट कागदपत्रं का भरावी लागतात? पंचविशीतल्या उमेदवाराला हा प्रश्न सुचणं अवघड, कारण तो त्या टेबलामागे बसलेलाच नसतो. नव्या निवेदनाची सुरुवात त्या राहिलेल्या सहीने झाली. आईचा उल्लेख एका वाक्यात उरला, घटस्फोट पूर्ण गेला.

विषय स्पष्ट झाल्यावर दुसरा पेच पुढे आला, आणि माझ्या मते तो वयापेक्षा कितीतरी मोठा आहे. कोणती पदवी? क्लिनिकल पीएच.डी.ची चौकट 1949 च्या बोल्डर परिषदेत ठरली: संशोधक आणि उपचारक दोन्ही घडवायचे. केवळ उपचाराकडे कल असणाऱ्यांसाठी साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) ही पदवी, तिला 1973 च्या व्हेल परिषदेत मान्यता मिळाली. पीएच.डी.त बहुतेक ठिकाणी शुल्क माफ असतं आणि बेताचं का होईना, विद्यावेतन मिळतं. पण नामांकित ठिकाणी शंभरातले दहासुद्धा अर्जदार घेत नाहीत. साय.डी.ला प्रवेश तुलनेने सोपा, पण खर्च बहुधा स्वतःचा, म्हणजे कर्ज. चाळिशीत घेतलेलं कर्ज फेडायला कमाईची वर्षं कमी उरतात, हे कागदावर मांडल्याशिवाय अर्ज करू नये.

मी त्यांना एक गृहपाठ दिला. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेल्या प्रत्येक कार्यक्रमाला पदवीला लागलेली वर्षं, खर्च, गळती, इंटर्नशिप मिळालेले आणि व्यवसायाचा परवाना मिळालेले विद्यार्थी यांचा तक्ता संकेतस्थळावर द्यावाच लागतो. माहितीपत्रकातली हसरी छायाचित्रं सोडा, तो तक्ता वाचा. त्यांनी वाचला आणि इंटर्नशिपच्या ओळीवर अडकल्या. क्लिनिकल पदवीत शेवटी वर्षभराची पूर्णवेळ इंटर्नशिप असते, तिची जागा उमेदवार आणि संस्था यांच्या पसंतीक्रमांच्या देशव्यापी जुळणीतून ठरते आणि ती दुसऱ्या राज्यातही मिळू शकते. हिशेब केला तर त्याच वर्षी त्यांची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्गात असणार होती.

मग मी सरळच विचारलं, "तुम्हाला रुग्ण बघायचे आहेत का?" त्या बराच वेळ गप्प बसल्या. म्हणाल्या, "मला ते फॉर्म बदलायचे आहेत." ज्याला रुग्ण बघायचे नाहीत, त्याला परवान्याची परीक्षा आणि देखरेखीखालचे तास यांची गरज नाही, इंटर्नशिपही नाही. त्यांनी क्लिनिकल सोडून आरोग्य-मानसशास्त्र आणि निर्णयप्रक्रिया या अंगाने संशोधन करणारे प्राध्यापक शोधले. प्रत्येकाला छोटा ईमेल: तुमचा अमुक शोधनिबंध वाचला, माझा प्रश्न असा आहे, येत्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का? काहींनी उत्तरच दिलं नाही. ज्यांनी 'यंदा घेत नाही' असं कळवलं, तिथलं अर्जाचं शुल्क वाचलं. बऱ्याच ठिकाणी अर्जाची मुदत डिसेंबरच्या सुरुवातीला संपते, त्यामुळे हे सगळं उन्हाळ्यातच उरकलं होतं.

एका ठिकाणी नुसती प्रतीक्षायादी, एका ठिकाणी होकार. उमेदवारांना 15 एप्रिलपर्यंत निर्णय कळवता येतो; बाईंनी त्याच्या कितीतरी आधी कळवून टाकला. विद्यावेतन त्यांच्या पगाराच्या जवळपासही नाही, घराचं कर्ज त्यांनी आधीच निम्म्यावर आणलं होतं म्हणून निभावतंय. संख्याशास्त्र अजूनही छळतं, असं त्या म्हणतात.

त्यानंतर आलेल्या एका गृहस्थांना मात्र मी डॉक्टरेटपासून परावृत्त केलं. वय त्यांचंही तेवढंच होतं. त्यांना फक्त माणसांसमोर बसून समुपदेशन करायचं होतं, संशोधनाचं नाव काढलं की जांभई यायची. त्यासाठी समुपदेशनातली किंवा समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावरचा परवाना पुरतो. दोन-तीन वर्षांचं शिक्षण आणि त्यानंतर देखरेखीखालचं काम. त्यांना ते जरा कमीपणाचं वाटलं. नावामागे 'डॉ.' हवं होतं, हे त्यांनी दुसऱ्या भेटीत कबूल केलं. हौस असायला हरकत नाही, पण तिच्यासाठी पाच-सहा वर्षं आणि साठवलेले पैसे घालायचे का, हे घरी बसून ठरवा म्हटलं. त्यांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा अर्ज भरला.