वाचकांचे प्रश्न : पिकअपला फिफ्थ व्हील बसवू का?

प्रश्न : काका, रामराम. वरुड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. घरी पावणेदोन टनाची बोलेरो पिकअप आहे. आंबिया बहाराचा माल निघाला की नागपूरच्या कळमना बाजाराच्या चकरांतच निम्मा पैसा जाते. मोबाइलवर अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचे व्हिडिओ पाह्यले. त्यांच्या पिकअपच्या हौद्यात मधोमध एक प्लेट असते, तिच्यावर मोठ्ठा ट्रेलर टेकवतात आन् ओढत नेतात. आमच्या इथला वेल्डिंगवाला म्हणते, भंगारातली ट्रकची तशी प्लेट आणून बसवून देतो, वरून पाच टनाचा ट्रेलरही बनवून देतो. कोणती प्लेट घ्यावी?
— एक बागायतदार, वरुड

उत्तर : भाऊ, रामराम. व्हिडिओतल्या त्या प्लेटलाच फिफ्थ व्हील म्हणतात. ती कोणती घ्यायची हे सगळ्यात शेवटी येतं. आधी वजन कुठं पडतं आणि ते थांबवतं कोण, हे बघू. मी ट्रॉल्या बांधणारा माणूस आहे. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक हूक किती टनाचा ते विचारतो. गाडी किती टनाची, हे फार थोडे विचारतात.

ट्रेलरच्या नाकाखाली जाड पोलादी खुंटी असते, तिला किंगपिन म्हणतात. प्लेटच्या खाचेतून ती आत सरकते आणि जबडा तिच्याभोवती बंद होतो. अमेरिकन पिकअपच्या ट्रेलरची किंगपिन दोन इंचाची असते. आपल्या नागपूर-हैदराबाद हायवेवर, जामच्या चौकात उभे असलेले बहुतेक मोठे ट्रेलर बघा, त्यांचीही दोन इंचाचीच. त्यामुळे भंगारातली प्लेट तुमच्या ट्रेलरला चपखल बसेल आणि काम जमलं असं वाटेल. मला याचीच धास्ती आहे, कारण जोड बसला तरी गाडी तीच राहते.

या जोडाचा मोठा गुण म्हणजे ट्रेलरचा भार मागच्या ॲक्सलच्या बरोब्बर वर किंवा थोडा पुढे पडतो. बंडी भरताना आपण माल मागे जास्त जाऊ देत नाही, नाहीतर ती उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उठतं. पिकअपच्या मागच्या बंपरच्या हुकाला जड ट्रेलर लावला की तसंच होतं, पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. हौद्यातल्या प्लेटने हा दोष जातो, ट्रेलर डुलतही कमी. अमेरिकन शेतकरी तिला पसंती देतो ते उगाच नाही.

आता तुमच्या गाडीचा हिशेब. अशा ट्रेलरचं साधारण पंधरा ते पंचवीस टक्के वजन किंगपिनवर येतं. भरलेला ट्रेलर पाच टनाचा धरला आणि वीस टक्के धरले, तर एक टन सरळ तुमच्या हौद्यात. भंगारातल्या ट्रकच्या प्लेटचंच वजन दीड क्विंटलच्या घरात, तिच्याखाली लोखंडी चौकट लागेल ती वेगळी. सगळं मिळून सव्वा टन झालं. तुमची गाडी पावणेदोन टनाची, म्हणजे कागदावर जागा उरते. तुमचा वेल्डिंगवाला हिशेब इथंच थांबवणार.

पण उरलेले चार टन ट्रेलरच्या चाकांवर आहेत आणि उतारावर ते मागून ढकलणार. तुमच्या पिकअपचे ब्रेक तिच्या स्वतःच्या भरल्या वजनासाठी, म्हणजे साडेतीन टनाच्या आसपास, बनवलेले आहेत. त्यावर आणखी चार टन आले. कोणी आडवं आलं, तर तुम्ही ब्रेक दाबाल, पिकअप थांबायला लागेल आणि ट्रेलर थांबणार नाही. तो प्लेटभोवती फिरून केबिनवर येईल. अमेरिकेत अशा ट्रेलरच्या चाकांना विजेवर चालणारे ब्रेक असतात, त्यांचा कंट्रोलर चालकाच्या हाताशी असतो, आणि जोड तुटलाच तर एक तार ओढली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. शिवाय ओढणारी गाडी साडेसहा लिटरच्या वरच्या डिझेल इंजिनाची. तुमचं इंजिन अडीच लिटरचं. व्हिडिओत प्लेट दिसते, बाकी काही दिसत नाही.

कंपनीच्या पुस्तकात ट्रेलरसकट एकूण किती वजन चालेल हा आकडा शोधा. तो दिलेला नसेल, तर ती गाडी ओढण्यासाठी बनवलेलीच नाही असं धरायचं. त्यात वाद घालायला जागा नाही.

वेल्डिंगचंही सांगतो, कारण ते माझं रोजचं काम आहे. चेसिसच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग मारलं की तिथला पोलाद कडक आणि ठिसूळ होतो. पहिला बहार निभावेल. पुढे खड्ड्यातल्या प्रत्येक हादऱ्याला त्या सांध्याच्या कडेने केसासारखी भेग सरकत जाते, आणि प्लेटखाली झाकलेली असल्याने ती दिसतही नाही. परदेशात हे हिच, म्हणजे हौद्यातली जोडायची प्लेट, चेसिसला नट-बोल्टने आवळलेल्या रुळांवर बसवतात. नुसत्या हौद्याच्या पत्र्याच्या भरवशावर कधीच नाही.

कायदा तर स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जादा वजनाला वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. ट्रेलरची नोंदणी वेगळी लागते. आणि अपघातानंतर विमा कंपनी सगळ्यात आधी हाच बदल शोधेल.

कागद बाजूला ठेवले तरी तुमची पांदण आहेच. लांब ट्रेलर वळताना त्याची चाकं पिकअपच्या चाकामागून जात नाहीत, आतल्या अंगाने कापत जातात. बागेतून निघताना धुऱ्याच्या कोपऱ्यावर किंवा मोरीवर आतलं चाक हवेत जाईल. भरलेल्या संत्र्यासकट ट्रेलर आडवा झाला तर तो उभा करायला क्रेन कुठून आणणार, आणि ती पांदणीत शिरणार कशी?

माझा सल्ला असा. माल निघायचे मोजकेच दिवस असतात. बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉली, आणि तिथून कळमन्याला शेजारच्या दोन-तीन बागायतदारांनी मिळून भाड्याचा ट्रक. एका ट्रकात तुमच्या पिकअपच्या कितीतरी चकरांचा माल जातो, आणि डिझेलचा हिशेब तिथंच सुटतो. वर्षभर माल वाहायचा धंदाच करायचा असेल, तर पिकअप विकून कंपनीनेच जास्त वजनाला पास केलेली गाडी घ्या. प्लेटला आणि ट्रेलरला ठेवलेला पैसा पहिल्या हप्त्याला कामी येईल.

प्रश्न : माझा मुलगा टेक्सासात असतो. त्याच्याकडे पाऊण टनी वर्गातला मोठा पिकअप आहे, हौदा साडेसहा फुटाचा. त्याला राहायच्या सोयीचा, भरून दहा हजार पौंडांचा फिफ्थ व्हील ट्रेलर घ्यायचा आहे. दुकानदार वीस हजार पौंडांचा हिच गळ्यात मारतोय म्हणतो. मला त्यातलं काही कळत नाही, पण तुमचं सदर मी त्याला फोनवर वाचून दाखवते.
— एक आई, आर्वी

उत्तर : ताई, हेही वाचून दाखवा. तिथं ही गोष्ट रीतसर आहे, म्हणून त्याला नाही म्हणणार नाही.

हिच वीस हजारांचा घेतल्याने गाडी वीस हजारांची होत नाही. ‘पाऊण टनी’ हे तर नुसतं वर्गाचं नाव आहे, खरा आकडा गाडीवरच बघायचा. चालकाच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. दहा हजार पौंडांच्या ट्रेलरचे वीस टक्के, म्हणजे दोन हजार पौंड किंगपिनवर येतील. त्यात हिचचं वजन, तो स्वतः, सूनबाई, नातवंडं आणि हौद्यातलं सामान मिळवायचं. स्टिकरचा आकडा ओलांडला तर ट्रेलर लहान घ्यायचा. डिझेल इंजिन जड असतं, त्यामुळे दणकट दिसणाऱ्या डिझेल गाड्यांचाही हा आकडा पुष्कळदा कमी निघतो. आणि हिशेब ट्रेलरच्या रिकाम्या वजनावर करायचा नाही, भरलेल्या कमाल वजनावर करायचा. दुकानदार रिकामं वजन पुढे करतात.

हिच ट्रेलरच्या कमाल वजनापेक्षा थोडा वरचा असला की पुरे. सोळा हजारांचाही चालेल, आणि तो वजनाला हलका पडतो. ज्याचं डोकं पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे, दोन्ही अंगांनी कलतं, असा घ्यावा. उंचसखल जागी जोडताना पिन नीट बसते. हौदा साडेसहा फुटाचा असल्याने काटकोनात वळताना ट्रेलरचं नाक केबिनच्या काचेला लागू शकतं. त्यासाठी मागे सरकणारा हिच मिळतो. काही हाताने सरकवावे लागतात, काही वळताना आपोआप सरकतात. रोज अरुंद जागी मागे घ्यायचं असेल तर आपोआपवाला. मोकळ्या मैदानातच उतरायचं असेल तर हाताचा पुरतो आणि पैसे वाचतात.

गाडीत कंपनीनेच हिचसाठी खाचा बसवून दिल्या आहेत का, ते आधी बघायला सांगा. असतील तर रुळांसाठी हौद्याला भोकं पाडायची गरज नाही. हौद्याची कड आणि ट्रेलरचा पोटभाग यांत निदान सहा इंच अंतर हवं, नाहीतर चढावर कड चेपते.

एक गोष्ट मात्र दर वेळी. जोडल्यावर खाली वाकून जबडा पिनभोवती पूर्ण बंद झाला आहे का आणि दोन प्लेटांमध्ये फट नाही ना, हे डोळ्यांनी बघायचं. पिन उंचावरच अडकली तर जोड बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच वळणावर ट्रेलर हौद्यावर आदळतो. मग ट्रेलरचे पाय जमिनीला टेकलेले असतानाच त्याचे ब्रेक लावून गाडी हलकेच पुढे ओढून बघायची. सुटायचा असेल तर तिथंच सुटेल. जोड तुटल्यावर ब्रेक लावणारी ती तार गाडीला अडकवायची, हिचला नाही. हिचच उखडला तर तार त्याच्यासोबतच जाईल.

प्रश्न : ट्रॅक्टरला ट्रॉली वरच्या हुकाला लावली की चिखलात चाकं कमी घसरतात. आमच्या गावात बरेच जण तसंच करतात. काही धोका आहे का?
— एक शेतकरी, मारेगाव

उत्तर : भाऊ, धोका आहे, जिवाचा आहे. आज आलेल्या पत्रांत तुमचं पत्र मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटलं.

तुम्हाला जे जाणवतं ते खरं आहे. हूक जितका वर, तितका ओढताना पुढच्या चाकांचा भार मागच्या चाकांवर येतो, म्हणून काळ्या मातीत चाक पकडतं. पण तो भार पुढून काढून घेतलेला असतो. हूक मागच्या ॲक्सलच्या वर गेला आणि ट्रॉली चिखलात अडून बसली, की ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती फिरतो आणि तोंड वर करून चालकाच्या अंगावर येतो. सावरायला एक सेकंदही मिळत नाही. क्लच दाबायचं सुचेपर्यंत सगळं झालेलं असतं. आमच्या भागात हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, चिखलातून काढताना साखळी ॲक्सलला बांधून टोचन दिलं आणि एक तरणा मुलगा असाच गेला. त्याच्या घरासमोरून जाताना मला आजही तो ट्रॅक्टर दिसतो.

ट्रॉली असो की टोचन, जोड मागच्या ॲक्सलच्या खालीच, ड्रॉबारला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या ओढपट्टीला. टॉप लिंकच्या, म्हणजे लिफ्टच्या वरच्या दांडीच्या, जागी काहीही अडकवायचं नाही. लिफ्टच्या खालच्या दोन हातांमध्ये भोकांची पट्टी असेल, तर तिला दोन्ही बाजूंनी आधाराच्या सळ्या लावून घट्ट करा. नाहीतर लिफ्ट उचलली की हूकही वर जातो आणि तुम्ही नकळत तोच धोका पत्करता.

दोनचाकी ट्रॉलीत माल थोडा पुढे घ्या, पण सगळा पुढे लोटू नका, तो भार ड्रॉबारवर येतो. कापूस हलका वाटतो म्हणून लोक डोंगरासारखा रचतात. मग रस्त्याच्या कडेला एक चाक उतरलं तरी ट्रॉली आडवी होते.

पिन म्हणून सळईचा तुकडा कोंबलेला मी आठवड्याला बघतो. तसं करू नका. भोकाच्या मापाची पक्की पिन घ्या, खालून क्लिप लावा, आणि ट्रॉलीच्या दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत एक साखळी ठेवा. क्लिप हरवते, म्हणून टूलबॉक्समध्ये दोन जास्तीच्या असू द्या. जिनिंगच्या रांगेतून रात्री परतताना मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी आणि चालू दिवा हवा. माझ्याकडून निघणाऱ्या ट्रॉलीला पट्टी लावल्याशिवाय मी ती सोडत नाही. तुमची जुनी असेल तर इकडे येताना घेऊन या, पट्टी मी लावून देईन, पैसे घेणार नाही.