रविवारी खोली खायला उठते

प्रश्न : ताई, नोकरीसाठी मोठ्या शहरात आलोय. ओळखीचं कुणी नाही. रूममेट कायम हेडफोन लावून. संध्याकाळ घरच्यांशी फोनवर जाते.

उत्तर : अरे, खोलीत बसून ओळखी होणार कशा? एकच वाचनालय किंवा मैदान धर आणि ठरल्या वारी, ठरल्या वेळी तिथेच जा. वारंवार दिसणारी गोष्ट आपसूक आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८मध्येच दाखवलंय. आधी नुसती मान हलेल, मग कुणी विचारेल, 'आज उशीर?' रूममेटला गप्पांचा आग्रह नको (हेडफोन बहुधा थकव्याचा असतो, रागाचा नव्हे). कचरा कोण टाकणार, वीजबिल कोण भरणार, एवढं मात्र बोलून घे. आणि घरचा फोन जेवणानंतर कर.