विचारा बिनधास्त : कॉलनी पुढे कशी हवी, हे ठरवायचं कोणी?

प्रश्न : ताई, मी इंदूरमधल्या सुदामानगरच्या बाजूच्या एका जुन्या कॉलनीच्या रहवासी संघाचा सचिव. आमच्याकडे एक रिकामा प्लॉट आहे, बगीच्याच्या नावाने सोडलेला, आणि मेन रोड रुंद होणार असंही कानावर येतंय. म्हटलं पुढच्या दहा वर्षांत कॉलनी कशी हवी ते आपणच लिहून काढू आणि पार्षदांना, म्हणजे नगरसेवकांना, देऊ. व्हॉट्सॲप ग्रुपवर मीटिंगचा मेसेज टाकला, अंगठे भरपूर आले, माणसं मात्र मोजून दहा-बारा आणि ती पण सगळी पेन्शनर. लोकांना काही पडलेलीच नाही का?

उत्तर : काका, पडलेली असते हो, पण तुम्ही मीटिंग संध्याकाळी सातला ठेवली असणार. सातला बायका स्वैपाकात, मुलं भंवरकुआँला कोचिंगमध्ये, नोकरीवाले विजयनगरच्या जाममध्ये, मग येणार कोण, तुम्ही आणि तुमचे मित्र! आणि विषय काय, तर "कॉलनीचा विकास". यावर कोणी काय बोलणार सांगा, माणूस मान डोलावतो आणि चहा पिऊन घरी जातो. त्यापेक्षा विचारा की पावसात पाणी कुठे साचतं, रात्री नऊनंतर कुठल्या गल्लीतून जायला नको वाटतं, म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचं तर ॲम्ब्युलन्स दारापर्यंत येते का. मग बघा कसे बोलतात, थांबवावं लागेल.

मुख्य म्हणजे नकाशा लोकांसमोर ठेवा. तुमच्या कॉलनीचा मंजूर लेआउट टाउन अँड कंट्री प्लॅनिंगच्या, म्हणजे नगररचनेच्या सरकारी ऑफिसात असतो, तोंडी मागून मिळाला नाही तर माहितीचा अधिकार आहे, दहा रुपये फी आणि तीस दिवसांत उत्तर. तो फ्लेक्सवाल्याकडून चांगला पलंगाएवढा छापून घ्या आणि गणपतीच्या मांडवात लावा, दहा दिवस सगळी कॉलनी आरतीला येतेच की. बाजूला टिकल्यांची पाकिटं ठेवा, आपल्या घरांत त्यांची काही कमी नाही. लाल टिकली जिथे त्रास आहे तिथे, हिरवी जिथे बसावंसं वाटतं तिथे. लहान मुलं तर आरती सोडून टिकल्या लावत बसतील आणि त्यांच्या टिकल्या काढू नका, शाळेच्या व्हॅनपर्यंत जाताना कुठला कुत्रा अंगावर येतो हे त्यांनाच माहीत असतं. फक्त एक जण वही घेऊन तिथे बसायला हवा, कारण टिकली जागा दाखवते, कारण सांगत नाही. लायब्ररीमागच्या कोपऱ्यावर पंधरा लाल टिकल्या आल्या तर तो खांबावरचा बंद दिवा आहे की तिथे उभी राहणारी टोळकी, हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि दोन्हींचे उपाय वेगळे.

मग एका रविवारी सकाळी पोहे-जलेबीच्या आधी टेप घेऊन सगळे मिळून कॉलनीभर चाला. रस्ता कागदावर किती फूट आणि प्रत्यक्षात किती, हे मोजून त्याच नकाशावर लिहा. इथे थोडं कडू बोलते, राग मानू नका. रस्ता अरुंद झालाय तो बरेचदा आपल्याच ओटल्यांनी, गाडीच्या रॅम्पने आणि कुंड्या ठेवायला घातलेल्या जाळीने. हे स्वतः मोजून मान्य केलेलं असलं की निगमवाल्यांसमोर, म्हणजे महापालिकेच्या लोकांसमोर बोलताना आवाजात जोर येतो, नाहीतर पहिल्याच वाक्याला तुमचा रॅम्प दाखवून ते तुम्हाला गप्प करतात. कामवाल्या बाई, भाजीचा ठेलेवाला, रात्रीचा चौकीदार यांनाही विचारा, ते संघाचे मेंबर नाहीत पण कॉलनी तुमच्यापेक्षा जास्त पायी फिरतात.

प्लॉटचं म्हणाल तर भांडण होणारच. आजोबांना बाक हवेत, पोरांना क्रिकेट आणि रिकामी जागा दिसली की कोणाला तरी मंदिर सुचतंच. पण भांडायच्या आधी कागद बघा, लेआउटमध्ये तो ओपन स्पेस आहे का आणि कॉलनी बांधणाऱ्याकडून निगमकडे हस्तांतरित झालीये का. झाली नसेल तर निगम तिथे पैसा घालायला तयार होत नाही, आणि तुमचं सगळं प्लॅनिंग वहीतच राहील. म्हणजे पहिलं काम बगीचा नाहीच, पहिलं काम हस्तांतरण.

आणि हे लोकांना सामील करून घेणं वगैरे परदेशी फॅड आहे असं कोणी म्हणालं तर त्यांना गेडिसची गोष्ट सांगा. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश माणसाला शहराची योजना करायला बोलावलं होतं, मूळचा जीवशास्त्राचा माणूस, त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये आला. तेव्हा गावात प्लेग, आणि हा दाढीवाला साहेब नकाशा घेऊन गल्लीबोळात फिरतोय, लोकांना वाटलं हा आता घरं पाडणार. तर याने दिवाळीत मिरवणूक काढायची ठरवली आणि जाहीर करून टाकलं की ती नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, जो मोहल्ला आपली घरं आणि गल्ल्या सगळ्यात जास्त साफ आणि दुरुस्त करेल तिथून जाईल. मग काय, चढाओढ लागली, घराघरातून कचऱ्याच्या गाड्या भरून निघाल्या. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता आणि सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, फुलं माळून चालले होते. साहेब शेवटी दरबाराचाच होता, त्यामुळे अगदी डोक्यावर घ्यायची गरज नाही, पण अख्खी वस्ती पाडून सरळ रस्ता काढू नका, इथे थोडं तिथे थोडं मोकळं करा हे तो तेव्हा सांगत होता. आज रुंदीकरणाच्या नोटिसा बघितल्या की ते आठवतं.

प्रश्न : मी नोकरीसाठी वडोदऱ्याहून इंदूरला आलेय, राजेंद्रनगरला भाड्याने राहते. आमच्या गल्लीचा काय तो प्लॅन बनतोय, मी दोन गोष्टी बोलले तर एक काकू म्हणाल्या, तू तर भाडेकरू, उद्या जाशील. मला बोलायचा हक्क आहे की नाही?

उत्तर : आहे गं, अगदी आहे. शहराच्या विकास योजनेचा मसुदा निघतो तेव्हा हरकत कोणीही देऊ शकतं, घर नावावर असायला पाहिजे असं काही नाही. संघाच्या मतदानाचे नियम वेगळे असतील, तिथे वाद घालू नकोस. पण रात्री ऑफिसमधून परत येणारी तू आहेस, स्टॉपपासून घरापर्यंत कुठे अंधार असतो ते तुला रोज दिसतं, काकूंना नाही. आणि तू गेलीस तरी त्या खोलीत तुझ्यासारखीच दुसरी येणार ना! काकूंशी भांडण्यापेक्षा त्यांना एकदा रात्री नऊला स्टॉपवर बरोबर घेऊन जा, चालत.

प्रश्न : एवढं करून ऐकतं का कोणी? सगळं आधीच ठरलेलं असतं, हरकती फक्त नावाला घेतात.

उत्तर : पुष्कळदा नावालाच घेतात, खोटं कशाला बोलू. पण नेहमी नाही. मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झाला, त्यातल्या चुका बघून लोकांनी हजारो हरकती टाकल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदाच रद्द करून नव्याने करायला लावला. पुण्यात २००६ पासून महापालिकेच्या बजेटमध्ये नागरिक आपल्या प्रभागातली छोटी कामं सुचवू शकतात, फुटपाथ, दिवे, बाक असली. छोटी आहेत म्हणून नाक मुरडू नका, म्हाताऱ्या माणसाला बाकच लागतो.

आपल्याकडे मध्य प्रदेशात १९७३ चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, म्हणजे नगररचनेचा कायदा आहे. मसुदा जाहीर झाला की आपत्ती (म्हणजे इथल्या सरकारी भाषेत हरकती) आणि सूचनांसाठी साधारण तीस दिवस मिळतात, मग सुनावणी होते, त्या समितीत महापौर, खासदार, आमदार असतात. इंदूरचा २०२१ पर्यंतचा मास्टर प्लॅन १ जानेवारी २००८ ला लागू झाला होता, म्हणजे एकदा ठरलं की दीड दशक तेच चालतं आणि त्या तीस दिवसांत आपण लग्नसराईत असतो. म्हणून आपत्ती आधीच तयार ठेवा. "आमच्यावर अन्याय होतोय" असं लिहिलेला कागद कोणी वाचत नाही. खसरा नंबर, म्हणजे जमिनीचा सर्व्हे नंबर लिहा, नकाशात रस्ता किती आणि जागेवर किती ते लिहा, फोटो जोडा आणि नुसतं नको न म्हणता त्याऐवजी काय हवं ते एका ओळीत सांगा. शंभर जणांनी एकच झेरॉक्स दिली तर तिचं तेवढं वजन पडत नाही, म्हणून प्रत्येकाने आपल्या घराचं, आपल्या गल्लीचं लिहावं, हाताने लिहिलं तरी चालतं. वार्डाच्या पातळीचं काही असेल तर मंगळवारच्या जनसुनवाईत, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे जा, पार्षदांनाही एक कॉपी द्या, ८५ वार्डांच्या गावात त्यांना पण दाखवायला काही तरी हवं असतं भिया. आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका, तारखेच्या शिक्क्यासकट.