आपोआप सुरू होणारा कॉम्प्युटर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रोज रात्री दोनच्या सुमारास माझा डेस्कटॉप आपोआप सुरू होतो. त्याच खोलीत आई झोपते, तिची झोपमोड होते. मी तो रात्री स्लीपवर ठेवतो. एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) बदलून बघू का?

एसएमपीएसला हात लावू नका. तुमच्या पत्रातले दोन तपशील फार मोलाचे आहेत: वेळ ठरलेली आहे आणि मशीन स्लीपवर असतं. बिघडलेला भाग घड्याळ बघून बिघडत नाही. ठरावीक वेळी जाग येते, याचा अर्थ कोणीतरी गजर लावून ठेवला आहे, आणि तो बहुतेक वेळा विंडोजनेच लावलेला असतो. विंडोजच्या ‘ऑटोमॅटिक मेंटेनन्स’ची मुळात ठरलेली वेळच रात्री दोनची आहे.

खात्री करायला कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘पॉवरसीएफजी’ ही कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करा (‘पॉवर’चं पूर्ण स्पेलिंग आणि त्याला जोडून सी, एफ, जी). एक जागा सोडून तिरपी रेघ आणि ‘लास्टवेक’ लिहिलं, की शेवटची जाग कशामुळे आली ते कळतं. ‘लास्टवेक’च्या जागी ‘वेकटायमर्स’ लिहिलं, तर पुढे कोणते गजर लावलेले आहेत ते दिसतं. हे सकाळी, मशीन पुन्हा झोपायच्या आत करा. तेवढं जमलं नाही तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टिम’ लॉग उघडून ‘पॉवर-ट्रबलशूटर’ची नोंद शोधा. झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि कारण, तिन्ही तिथे सापडतात. कारणापुढे कधीकधी ‘अननोन’ एवढंच येतं, पण नेमकी वेळ हाती लागली तरी तपासाला दिशा मिळते.

मेंटेनन्सच्या सेटिंगमध्ये त्या वेळी कॉम्प्युटर जागा करण्याची परवानगी देणारी टिकमार्क असते, ती काढा. मग कंट्रोल पॅनलमधल्या ‘पॉवर ऑप्शन्स’च्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘स्लीप’खाली ‘अलाऊ वेक टायमर्स’ शोधा आणि ‘डिसेबल’ करा. ‘इम्पॉर्टंट वेक टायमर्स ओन्ली’ हा मधला पर्याय निवडलात, तर अपडेटनंतरच्या रीस्टार्टसाठी मशीन रात्री उठू शकतं, म्हणून आईच्या झोपेसाठी पूर्ण बंदच बरं. बॅकअपचं एखादं सॉफ्टवेअर असेल तर टास्क शेड्यूलरमधलं त्याचं काम उघडून ‘कंडिशन्स’ टॅबही बघा. काम करण्यासाठी कॉम्प्युटर जागा करावा, अशी टिकमार्क तिथेही असते.

प्रश्न : माझाही स्लीपमधूनच उठतो, पण वेळेचा काही नेम नाही. कधी दहा मिनिटांत, कधी पहाटे.

मग गजरापेक्षा माउसवर संशय घ्या. आज रात्री माउस उलटा करून ठेवा. शांतता लाभली तर निदान झालं. चकचकीत टेबलावर ऑप्टिकल माउसला नसलेली हालचाल दिसते, आणि जवळून कोणी चाललं तरी टेबल थोडं हलतंच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबवर कॉम्प्युटर जागा करण्याची परवानगी काढून टाका. कीबोर्डची तेवढी ठेवा, म्हणजे सकाळी एक कळ दाबून उठवता येईल.

माउस निर्दोष निघाला तर तोच टॅब नेटवर्क कार्डासाठी उघडा आणि ‘फक्त मॅजिक पॅकेटनेच (जागं करण्यासाठीच्या खास संदेशानेच) जागं कर’ या अर्थाची टिकमार्क करा. काही कार्डं ‘पॅटर्न मॅच’मुळे घरातल्या नेटवर्कवरच्या साध्या हालचालीनेही मशीन उठवतात.

प्रश्न : कोणी बाहेरून इंटरनेटवरून माझा कॉम्प्युटर चालू करत असेल का? मला खरंच भीती वाटते.

भीती समजू शकतो, कारण दुरून कॉम्प्युटर चालू करायची सोय खरोखर असते. तिचं नाव वेक ऑन लॅन. मशीन बंद असतानाही नेटवर्क कार्डाला थोडी वीज मिळत राहते आणि ते एका विशिष्ट संदेशाची, म्हणजे वर आलेल्या मॅजिक पॅकेटची, वाट बघतं. त्या संदेशात तुमच्या कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) सलग 16 वेळा यावा लागतो. म्हणजे पाठवणाऱ्याला तो पत्ता ठाऊक हवा, आणि संदेश घरच्या नेटवर्कच्या आतून यायला हवा. राउटरमध्ये कोणी मुद्दाम वाट करून दिलेली नसेल, तर बाहेरून तो सहसा पोचत नाही. शिवाय मशीन चालू होणं आणि त्यात कोणी शिरणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

ही सोय वापरत नसाल तर बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ‘वेक ऑन लॅन’ किंवा ‘पॉवर ऑन बाय पीसीआय-ई’ बंद करा. किंवा रात्रभर नेटवर्कची केबल काढून ठेवा. तरीही मशीन सुरू झालं, तर नेटवर्कचा संशय संपला.

प्रश्न : शटडाउन केल्यावर दोन-तीन सेकंदांत पुन्हा सुरू होतो. मेनस्विच बंद केल्याशिवाय थांबतच नाही.

इथे कान आणि डोळे लावून एक गोष्ट बघा: मधल्या क्षणी पंखे आणि दिवे पूर्ण थांबतात का?

थांबत नसतील, तर बहुधा तो बंदच झालेला नाही. बंद होता होता एखादा ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) कोसळतो आणि विंडोज स्वतःहून रीस्टार्ट करते. सिस्टिम प्रॉपर्टीजच्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मध्ये ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची टिकमार्क काढा. पुढच्या वेळी निळी स्क्रीन थांबून राहील आणि तिच्यावरचा कोड वाचता येईल. तोच खरा पुरावा.

पंखे थांबून पुन्हा फिरत असतील, तर आधी ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून बघा. विंडोज 8 पासून नेहमीचं शटडाउन हे अर्धं हायबरनेशन (चालू स्थिती डिस्कवर साठवून बंद होणं) असतं. सिस्टिमचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो. शिफ्ट दाबून धरून शटडाउन केलं की मशीन पुरतं बंद होतं. तसं केल्यावर त्रास थांबत असेल तर दोषी सापडला. थांबत नसेल तर यूएसबीची सगळी उपकरणं काढा आणि एकेक परत लावत जा.

प्रश्न : वीज जाऊन आली की कॉम्प्युटर लगेच सुरू होतो.

बायॉसमध्ये ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा ‘एसी बॅक’ असं सेटिंग असतं, ते ‘ऑफ’ करा. काही दिवसांनी ते आपोआप बदललेलं दिसलं आणि घड्याळही चुकत असेल, तर मदरबोर्डवरचा 3 व्होल्टचा सीआर2032 सेल बदला.

प्रश्न : हे सगळं करून झालं. तरी मेनस्विच दाबताच मशीन सुरू होतं, बटणाला हातही न लावता.

आता मात्र कॅबिनेट उघडायची वेळ आली. आधी भिंतीतली पिन काढा.

मशीन बंद असताना एसएमपीएस फक्त जांभळ्या वायरवर 5 व्होल्ट देतो. पुढचं बटण क्षणभर दोन पिना जोडतं, मग मदरबोर्ड हिरवी वायर ग्राउंडला खेचतो आणि बाकीचे सगळे व्होल्टेज सुरू होतात. म्हणजे संशयित तीनच: बटण, मदरबोर्ड, एसएमपीएस.

बटणापासून सुरुवात करा. माझ्या मते जुन्या कॅबिनेटमध्ये सर्वात आधी तेच दमतं. धूळ बसून ते आत अडकतं. मदरबोर्डवरून ‘पॉवर एसडब्ल्यू’ लिहिलेला छोटा कनेक्टर काढा आणि वीज द्या. मशीन गप्प राहिलं तर बटण खराब आहे. भिंतीतली पिन पुन्हा काढून रीसेट बटणाचा कनेक्टर मदरबोर्डवरच्या त्याच दोन पिनांवर लावा, रीसेटचं बटण पॉवरचं काम करेल. पैसा खर्च न होता दुरुस्ती झाली.

तरीही सुरू झालं, तर वीज तोडून एसएमपीएसच्या सगळ्या केबल्स मशीनमधून काढा आणि त्या एकट्याला वीज द्या. त्याचा पंखा फिरू लागला तर दोष त्याच्यातच आहे, तो बदला. पंखा शांत राहिला तर संशय मदरबोर्डकडे वळतो, पण कमी लोडवर पंखा न फिरवणारे एसएमपीएसही असतात, म्हणून खात्रीसाठी हिरवी वायर मल्टिमीटरने तपासून घ्या. एसएमपीएसचं खोकं मात्र कधीही उघडू नका. पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर भार उरलेला असू शकतो आणि तो जीव घेऊ शकतो.

प्रश्न : लॅपटॉप झाकण लावून बॅगेत ठेवला, काढला तेव्हा तापला होता आणि बॅटरी संपली होती.

तुमच्या लॅपटॉपमध्ये ‘मॉडर्न स्टँडबाय’ असावं. त्यात मशीन पूर्ण झोपत नाही, मोबाइलसारखं अधूनमधून काम करत राहतं. ‘पॉवरसीएफजी’पुढे तिरपी रेघ आणि नुसतं ‘ए’ लिहा. यादीत ‘एस0 लो पॉवर आयडल’ दिसलं तर तेच. झाकण लावल्यावर काय व्हावं हे ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये ठरवता येतं, तिथे ‘हायबरनेट’ निवडा. हा पर्यायच दिसत नसेल, तर आधी ‘पॉवरसीएफजी’पुढे तिरपी रेघ, ‘हायबरनेट’, एक जागा आणि ‘ऑन’ लिहून तो चालू करा. तोपर्यंत लॅपटॉप पूर्ण बंद करून, दिवे विझलेले पाहूनच बॅगेत ठेवा.