त्या तिसऱ्या माणसाचं काय?

अगं, तुझ्या एक्सपेरिमेंटचं प्रपोजल वाचून काढलं. विषय झकास आहे, पण पहिल्याच पानावर तू लिहून टाकलंयस की माणसं स्वार्थी असतात म्हणून दोघांच्या व्यवहारात बाहेरच्या तिसऱ्याचं नुकसान होतं, आणि हे जर आधीच ठरलेलं असेल तर एक्सपेरिमेंट करायचा कशाला?

डाना, वेबर आणि कुआंग या संशोधकांचा 2007 चा पेपर आधी वाच. डिझाइन एकदम साधं: अ निवडलं तर तुला 6 डॉलर आणि समोरच्याला 1, ब निवडलं तर दोघांनाही 5. 74 टक्के लोकांनी ब घेतला. मग दुसऱ्या गटाला त्यांनी स्वतःचे 6 आणि 5 दाखवले, पण समोरच्याला कशात किती मिळतील ते झाकून ठेवलं, कदाचित 6 घेऊनही त्याचं भलंच होईल अशी शक्यता ठेवून. बटण दाबलं की सगळं कळणार, तेही फुकटात. तरी 44 टक्के लोकांनी बटण दाबलंच नाही! झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय. आता ही माणसं पहिल्या गटापेक्षा वाईट होती का? मला नाही वाटत. त्यांना न बघायची सोय मिळाली एवढंच. तुझा प्रश्न हा हवा, की कुठली सोय दिली की माणूस तिसऱ्याकडे बघायचं टाळतो.

यात समोरचा हा तसा दुसराच माणूस, व्यवहाराबाहेरचा तिसरा बघायचा तर आर्मिन फाल्क आणि नोरा सेच या अर्थशास्त्रज्ञांचा 2013 चा प्रयोग घे. तिथे तिसरा म्हणजे उंदीर, आणि खरा उंदीर बरं का, लॅबमध्ये नको झालेला, असाही मारलाच गेला असता असा. एकट्याला विचारलं, 10 युरो घे नाहीतर उंदीर जगू दे, तर साधारण 46 टक्के लोकांनी पैसे घेतले. पण तोच उंदीर विकणारा आणि घेणारा यांच्या घासाघिशीत टाकला तर 10 युरो किंवा त्याहून कमीत सौदा करायला 72 टक्के विकणारे तयार!

हे वाचून लोक लगेच बाजाराच्या नावाने बोटं मोडायला लागतात. थांब जरा. बार्टलिंग, वेबर आणि याओ यांनी 2015 मध्ये असाच बाजार मांडला, स्वस्त माल घेतला की तिसऱ्याचे पैसे कापले जाणार, तर स्वित्झर्लंडमध्ये स्पर्धा असूनही तिसऱ्याला न दुखावणारा महागडा माल टिकून राहिला, चीनमध्ये मात्र त्याचा वाटा बराच कमी होता. म्हणजे बाजार एवढं एकच कारण पुरत नाही. फाल्क आणि सेच यांनी पुढे नॉयबरसोबत केलेला एक प्रयोग मला जास्त बोलका वाटतो: आठ जणांचा गट, एकाने जरी पैसे घेतले तरी आठही उंदीर मरणार. मग प्रत्येकाच्या डोक्यात तेच, मी नाही घेतले तरी कुणीतरी घेणारच की. आणि एकटं ठरवताना जेवढे लोक पैसे घेतात त्यापेक्षा जास्त लोक इथे घेतात.

आता तुझ्या डिझाइनचं. तू एकाच वेळी माहितीही झाकतेयस आणि निर्णय घेणारी माणसंही वाढवतेयस, मग फरक आला तर तो कशामुळे हे कसं सांगणार? एका वेळी एकच गोष्ट बदल. एकट्याने निर्णय घेणारा गट हवाच, त्याशिवाय बाकीचे आकडे लटकत राहतात. तिसरा माणूस कागदावरचा नको, खराखुरा हवा आणि त्याला खरेच पैसे मिळायला हवेत, कारण प्रायोगिक अर्थशास्त्रात भाग घेणाऱ्यांना फसवणं चालत नाही, एकदा का लॅबची पत गेली की पुढच्या लोकांना तू काहीही सांग, ते विश्वास ठेवणार नाहीत. सूचनांमधून 'पीडित', 'नुकसान' हे शब्द उडव, ते वाचून लोक शहाण्यासारखे वागायला लागतात. आणि इतरांनी काय केलं असेल असं वाटतं, हेही भाग घेणाऱ्यांना विचार, निर्णय झाल्यावर, आधी नको.

सॅम्पल वाढवता येतंय का बघ. डानाच्या त्या पहिल्या गटात निर्णय घेणारे जेमतेम 19 जण होते, आज एवढ्यावर कुणी ऐकून घेणार नाही. लॅब बुक करायच्या आधी सूचनांचा नवा ड्राफ्ट पाठव.