गाडी नाही, तरी नाशिक

प्रश्न : ऐरोलीत राहतो, गाडी नाही. ७६ वर्षांच्या आईला घेऊन दोन दिवस नाशिकला जायचंय. रेल्वेने जमेल का?

उत्तर : जमेल, आणि कसारा घाटात गाडी हाकण्यापेक्षा बरं. सकाळची तपोवन एक्सप्रेस ठाण्याला थांबते. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता सुरू होतं. ठाण्याहून जागा दिसत नसेल तर सीएसएमटीपासून तिकीट काढा आणि बोर्डिंग ठाणे टाका. तसं न करता ठाण्यात चढलात, तर टीसी रिकामी सीट दुसऱ्याला देऊ शकतो. ऑनलाइन तिकीट चार्टनंतरही (सीटांची शेवटची यादी लागल्यावरही) वेटिंगच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं; त्यावर चढू नका.

खरी धावपळ ठाण्याच्या पुलावर. ऐरोलीहून येणारी ट्रान्स-हार्बरची लोकल ९-१० नंबरवर येते, एक्सप्रेस दुसऱ्याच फलाटावर, आणि थांबते जेमतेम दोन-तीन मिनिटं. अर्धा तास हाताशी ठेवा, इंडिकेटरवर डबा पाहून तिथेच उभे राहा. चाकांची मोठी बॅग नको. जिन्यावर ती उचलावीच लागते.

गाडी उतरवते ते नाशिकरोड स्टेशन म्हणजे नाशिक नव्हे! पंचवटी तिथून नऊ-दहा किलोमीटर. सिटीलिंकची बस मिळते. मुक्काम पंचवटीतच घ्या, म्हणजे रामकुंड, काळाराम मंदिर, सीतागुंफा पायी होतात. त्र्यंबकेश्वरला एसटी, आईंचं वय ७५च्या वर, त्यामुळे त्यांना तिकीट नाही, फक्त आधार कार्ड जवळ हवं. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे.